लहान पिकअप मोटार : जुनी हवी की नवी?

‘पिकअप’ हा शब्द महाराष्ट्रातील बाजार समित्यांच्या आवारांत आता घरचाच झाला आहे. पहाटे भाजीपाल्याचे क्रेट उतरविणाऱ्या हमालापासून गावच्या दूध संकलन केंद्रापर्यंत सर्वांना तो परिचित आहे. ज्या देशातून हा शब्द आला त्या अमेरिकेत मात्र या वाहनासंबंधी एक चमत्कारिक स्थिती दिसून येते. तेथे पिकअप मोटारींना तोटा नाही. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, दोन दारांच्या, आखूड केबिनच्या व लांब हौद्याच्या लहान पिकअपांच्या शोधात अनेक लोक फिरत असतात. अशी मोटार गंजलेली मिळाली तरी ती नीट करून वापरतात, आणि नव्या मोटारींत तसे काही मिळत नाही अशी तक्रार करतात.

या मंडळींना हौशी म्हणून सोडून देणे सोपे आहे. तथापि त्यांच्या मागण्या ऐकल्या असता असे आढळून येते की, त्यांतील बहुतेक मागण्या हौसेच्या नसून कामाच्या आहेत. पोते किती उंच उचलावे लागते, हौद्यात लांब वस्तू आडवी मावते की नाही, बिघाड झाल्यास तो दारात दुरुस्त होतो की नाही, हे प्रश्न शेतकऱ्याचेच होत. म्हणून हा वाद समजून घेणे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व वाहन घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांना उपयुक्त ठरेल.

जुन्या मोटारीचे स्वरूप

अमेरिकेत लहान पिकअप आणली ती जपानने. इ. स. १९५९ च्या सुमारास डॅटसन कंपनीची पिकअप तेथे विक्रीस आली. तिचे इंजिन एक लिटरचे व ३७ अश्वशक्तीचे होते आणि ती जेमतेम पाव टन माल वाहून नेत असे. त्या वेळच्या धिप्पाड अमेरिकन वाहनांपुढे ती खेळण्यासारखी दिसत असली, तरी माळी, सुतार, लहान शेतकरी व किरकोळ दुकानदार यांना ती परवडणारी होती. टोयोटाची हायलक्स जपानमध्ये इ. स. १९६८ मध्ये निघाली व पुढील वर्षी अमेरिकेत पोहोचली. अमेरिकन कंपन्यांनीही मग हा माल आपल्या नावाने विकावयास आरंभ केला. फोर्डची कुरियर ही वस्तुतः माझदा कंपनीने तयार केलेली होती, तर शेव्हरोलेची लव्ह ही इसुझूने बांधलेली होती. दोन्ही इ. स. १९७२ च्या सुमारास बाजारात आल्या.

या सर्व मोटारींची रचना साधी होती. शिडीसारखी मजबूत चौकट, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चार नळकांड्यांचे इंजिन, हाताने बदलावयाचे गिअर आणि मध्ये कसलेही सोंग नसलेला पत्र्याचा हौदा. इंजिनाचे झाकण उघडल्यावर आत हात घालावयास जागा असे. टोयोटाचे इ. स. १९८१ पासूनचे ‘२२ आर’ नावाचे इंजिन तर दीर्घायुष्याबद्दल एवढे प्रसिद्ध झाले की, आजही जुनी पिकअप शोधणारा माणूस प्रथम त्याचीच चौकशी करतो.

कोंबडीवरून लागलेली जकात

अशा उपयुक्त वाहनांचा ओघ पुढे का आटला, याची हकीकत कुक्कुटपालकांना विशेष कुतूहलाची वाटेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालनाचा धंदा मोठ्या प्रमाणावर वाढला व कोंबडीचे मांस फार स्वस्त झाले. गोठविलेल्या कोंबड्यांची निर्यात पश्चिम युरोपात, विशेषतः पश्चिम जर्मनीत होऊ लागली. तेथील कुक्कुटपालकांना या स्पर्धेत टिकणे कठीण झाले. इ. स. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने आपले सामायिक कृषी धोरण अमलात आणले, आणि आयात कोंबडीवर मोठी आकारणी बसविली. अमेरिकेची विक्री कोसळली. वाटाघाटी निष्फळ झाल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक लवादाने अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर ठरविले, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इ. स. १९६३ च्या डिसेंबरात प्रतिटोला म्हणून चार वस्तूंवर २५ टक्के जकात जाहीर केली. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या मालमोटारी अशा त्या चार वस्तू होत. मालमोटारींचे नाव यादीत आले ते पश्चिम जर्मनीतून येणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्यांमुळे.

पहिल्या तीन वस्तूंवरील जकात कालांतराने उठली. मोटारींवरील मात्र अनेक दशके टिकून राहिली, आणि तिचा भार जर्मनीपेक्षा जपानवरच अधिक पडला. व्यापारी मंडळींनी पळवाटा काढल्या, हे सांगावयास नकोच. हौद्याशिवाय नुसती केबिन व चौकट आणल्यास जकात केवळ ४ टक्के होती. म्हणून मोटार बिनहौद्याची आणावयाची व बंदरावर उतरल्यावर हौदा बसवावयाचा, असा प्रकार इ. स. १९८० पर्यंत चालला. त्या वर्षी ही वाट बंद करण्यात आली. सुबारूने तर इ. स. १९७८ मध्ये आपल्या ब्रॅट नावाच्या लहान पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून बसण्याची दोन प्लास्टिकची आसने ठोकून ती प्रवासी मोटार असल्याचे दाखविले!

शेतमालावरील एका जकातीचे पडसाद शेतकऱ्याच्याच वाहनावर असे उमटले. बाहेरून लहान पिकअप आणणे तोट्याचे झाल्यावर, ती देशातच बांधावयाची की नाही हे मोजक्या कंपन्यांच्या मर्जीवर राहिले.

मोटार वाढत गेली

काही काळ ही मर्जी अनुकूल होती. शेव्हरोलेची एस-१० व फोर्डची रेंजर या इ. स. १९८२ च्या सुमारास निघालेल्या मोटारी देशी बांधणीच्या असून आकाराने आटोपशीर होत्या. रेंजरचा हौदा सहा किंवा सात फूट लांब असे व सहा फुटी हौद्याच्या मोटारीची एकूण लांबी सुमारे ४.४६ मीटर होती. अशा मोटारी वर्षानुवर्षे खपल्या. परंतु मोठ्या पिकअपवर कंपनीस नफा अधिक सुटतो आणि ग्राहकालाही थोड्या अधिक पैशांत मोठी वस्तू मिळाल्यासारखे वाटते. इ. स. २०११ च्या डिसेंबरात मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील कारखान्यातून शेवटची रेंजर बाहेर पडली. इ. स. २०१९ मध्ये हेच नाव अमेरिकेत परत आले तेव्हा मोटारीची लांबी ५.३५ मीटर झाली होती, आणि चार दारांच्या नमुन्यात हौदा पाच फुटांवर आला होता.

इंधन बचतीच्या सरकारी नियमांचाही यास हातभार लागला, असे जाणकार सांगतात. इ. स. २००६ मध्ये हलक्या मालमोटारींसाठी ठरविण्यात आलेल्या पद्धतीत वाहनाच्या चारही चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावरून त्याचे इंधन-लक्ष्य निश्चित होऊ लागले. क्षेत्र मोठे तर लक्ष्य सोपे, क्षेत्र लहान तर लक्ष्य कडक. लहान मोटार मुळातच कमी इंधन पिते. तरी तिच्याकडून आणखी काटकसरीची अपेक्षा झाली. हेतू चांगला असलेला नियम अपेक्षेबाहेर कसा वळतो, याचे हे एक उदाहरण होय. तथापि सर्व दोष नियमांवर टाकणे योग्य होणार नाही. लोकांनीच चार दारे मागितली. ज्या घरी एकच मोटार घ्यावयाची, तेथे मुलांना शाळेत सोडणे व खताची पोती आणणे ही दोन्ही कामे तिलाच करावी लागतात. केबिन वाढली की हौदा आखडतो, किंवा मोटार लांबते. तिसरा मार्ग नाही.

हौशी मंडळी काय मागतात?

त्यांची पहिली मागणी हौद्याच्या उंचीसंबंधी आहे. जुन्या लहान पिकअपशेजारी उभे राहून मध्यम उंचीच्या माणसास बाजूवरून वाकून तळाशी पडलेले अवजार उचलता येत असे. नव्या मोठ्या पिकअपच्या बाजूच्या भिंती छातीपर्यंत आल्या आहेत. त्यामुळे मागील बंपरात किंवा फाळक्यात पायरी बसविण्याची पाळी कंपन्यांवर आली, आणि ती पायरी सुधारणा म्हणून जाहिरातीत झळकली. वास्तविक तळ खाली असता तर पायरी लागलीच नसती. दिवसातून चाळीस वेळा ओझे चढविणाऱ्या माणसाच्या कमरेला हा फरक संध्याकाळी कळतो.

दुसरी मागणी हौद्याच्या लांबीची व तिसरी साधेपणाची. खिडकीची काच हाताने खाली करता यावी, गिअर हाताने टाकता यावेत, एखादा पडदा बंद पडला म्हणून मोटार उभी राहू नये, असे ही मंडळी म्हणतात. चौथी मागणी अर्थात किंमतीची.

या मागण्यांत तथ्य आहे; परंतु जुन्या मोटारीचे गुणगान करताना तिचे दोष झाकले जातात, हेही नमूद केले पाहिजे. इ. स. १९७० च्या दशकातील जपानी पिकअपांचा पत्रा लवकर गंजत असे. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथे तर हौद्याची चाळण होई. हौदा रिकामा असताना मागील चाकांवर भार नसतो. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबताच मागील चाके जखडून मोटार आडवी फिरण्याचा धोका असे. चाके जखडू न देणारे ब्रेक व अपघातात फुगणारी हवेची पिशवी या सोयी तेव्हा नव्हत्या. चालकाचे गुडघे व पुढील पत्रा यांत वीतभर अंतर असलेल्या मोटारीचा साधेपणा कितीही मोहक वाटला, तरी समोरासमोर टक्कर झाल्यास त्या साधेपणाची किंमत माणसास द्यावी लागते. या एका बाबतीत नवी मोटार निर्विवाद श्रेष्ठ आहे.

पोत्यांचा हिशेब

इ. स. २०२१ मध्ये फोर्डने मॅव्हरिक नावाची पिकअप जाहीर केली. लहान पिकअप परत आली, असे तिचे स्वागत झाले. मूळ किंमत वाहतूकखर्च सोडून २० हजार डॉलरच्या आत होती. पुढील काही वर्षांत ती बरीच वाढली. मोटार मेक्सिकोत बांधली जात असल्यामुळे शेजारी देशांतील व्यापार करारानुसार तिला ती जुनी कोंबडीची जकात लागू झाली नाही. पेट्रोल इंजिन व विजेची मोटर यांच्या जोडीमुळे, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठविली जात असल्यामुळे, सरकारी चाचणीत तिने लिटरमागे सुमारे साडेपंधरा किलोमीटर अंतर दिले. जुन्या पेट्रोल पिकअपांना हे क्वचितच साधले असते.

मग हौशी मंडळी समाधानी का झाली नाहीत? मॅव्हरिकची लांबी ५.०७ मीटर, म्हणजे जुन्या सात फुटी हौद्याच्या रेंजरपेक्षाही अधिक. आणि हौदा मात्र साडेचार फूट. दारे चारच मिळतात, दोन दारांचा नमुनाच नाही.

तिची भारक्षमता सुमारे ६८० किलो आहे. पन्नास किलोच्या पोत्यांत मोजल्यास तेरा पोती होतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकन पद्धतीत या आकड्यात बसणाऱ्या माणसांचे वजनही धरले जाते. सरासरी ७५ किलोची चार माणसे बसली की ३०० किलो गेले. उरले ३८०, म्हणजे सात पोती. आता जपानची छोटी ‘केई’ मालमोटार घ्या. तिची कायदेशीर भारमर्यादा ३५० किलो असून ती माणसांचे वजन सोडून आहे. दोन माणसे केबिनमध्ये आणि सात पोती मागे! म्हणजे साडेतीन मीटरांहून आखूड मोटार आणि पाच मीटरांहून लांब मोटार, घरची माणसे बसल्यावर, सातच पोती नेतात. चार माणसे न्यावयाची की दोन, एवढाच काय तो प्रश्न राहतो. आणि शेतावर जाताना बहुधा दोनच जातात.

जपानी शेतकऱ्याची मोटार

केई मोटारींचा वर्ग जपानी सरकारने इ. स. १९४९ मध्ये निर्माण केला. आकार व इंजिन यांवर मर्यादा घालावयाची व त्याबदल्यात करांत सवलत द्यावयाची, अशी ही योजना आहे. इंजिनाची मर्यादा ३६० वरून इ. स. १९७६ मध्ये ५५० आणि इ. स. १९९० मध्ये ६६० घन सेंटिमीटर झाली. इ. स. १९९८ पासून लांबी ३.४० मीटर व रुंदी १.४८ मीटर यांपुढे जाता येत नाही. या मापाच्या आत राहून तेथील अभियंत्यांनी चालकास अगदी पुढे बसविले व मागील जवळजवळ सर्व जागा हौद्यास दिली. सुझुकी कॅरीचा हौदा सुमारे १.९४ मीटर लांब व १.४१ मीटर रुंद असून त्याचा तळ जमिनीपासून अवघा ६५ सेंटिमीटर उंच आहे. तळ चाकांच्या वरून सपाट गेल्यामुळे मध्ये चाकांचे उंचवटे येत नाहीत. तिन्ही बाजूंचे फाळके पाडता येतात. भाताच्या रोपांच्या तबकड्या कोणत्याही बाजूने चढवाव्यात.

शेतीसाठी खास नमुनेही निघाले. होंडाच्या अॅक्टी मोटारीच्या ‘अटॅक’ या प्रकारात चिखलातून मुंगीच्या गतीने चालण्यासाठी अतिमंद गिअर व मागील दोन्ही चाके एकत्र फिरविणारी कळ असे. सुबारूची सांबर ही मोटार कृषी सहकारी संस्थांमार्फत विकली जाई. तिचे इंजिन मागील टोकास असल्याने हौदा रिकामा असतानाही चाकांची पकड सुटत नसे. इ. स. २०१२ मध्ये सुबारूने व इ. स. २०२१ मध्ये होंडाने या मालमोटारींचे उत्पादन थांबविले. सुझुकी व दाइहात्सू यांनी ते पुढे चालू ठेवले.

अमेरिकेतील काही शेतकरी व हौशी आता याच जुन्या केई मोटारी जहाजाने आणवितात. तेथील इ. स. १९८८ च्या कायद्यानुसार पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या वाहनास सुरक्षिततेचे केंद्रीय नियम लागू होत नाहीत. रस्त्यावर चालविण्याची परवानगी मात्र घटक राज्यांच्या हाती असून काही राज्यांनी ती नाकारली आहे. महामार्गावर भरधाव वाहनांत ही नाजूक मोटार घालणे धोक्याचे आहे, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. शेतातल्या शेतात तिला तोड नाही, हेही तितकेच खरे.

इ. स. २०२५ च्या एप्रिलमध्ये स्लेट नावाच्या नव्या अमेरिकन कंपनीने विजेवर चालणारी दोन आसनी पिकअप जाहीर केली. हाताने फिरविण्याच्या काचा, रंग न दिलेले प्लास्टिकचे अंग, रेडिओ नाही, हौदा पाच फूट आणि लांबी जुन्या रेंजरएवढी. हौशी लोकांची यादी समोर ठेवूनच ती आखली असावी असे वाटते.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात अशा वाहनाचा मार्ग वेगळ्या रीतीने तयार झाला. इ. स. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन परवान्यावर तीनचाकी मालवाहने बांधली, आणि मालाची कोणतीही लहान मोटार म्हणजे ‘टेम्पो’ असा शब्दच मराठीत रूढ झाला. पुढे इ. स. २००५ च्या मे महिन्यात टाटा कंपनीने एस ही चारचाकी बाजारात आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी आरंभी तीनचाकी चालकांच्या गाठी घेऊन त्यांच्या गरजा विचारल्या. चारचाकी दाराशी असली तर सोयरीक जुळावयास बरे पडते, असे एका चालकाने सांगितल्याची हकीकत या प्रकल्पाच्या वृत्तांतात येते. कामाची वस्तू घेताना मनुष्य केवळ पोती मोजत नाही, हे अमेरिकेइतकेच येथेही खरे.

इंडिका मोटारीच्या चार नळकांड्यांच्या डिझेल इंजिनाचे जणू अर्धे करून एसचे दोन नळकांड्यांचे, सुमारे ७०० घन सेंटिमीटरचे, १६ अश्वशक्तीचे इंजिन सिद्ध झाले. भारक्षमता पाऊण टन, म्हणजे पंधरा पोती. हौदा सुमारे सात फूट आणि किंमत सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. पुण्यात बांधलेल्या या मोटारीस लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. अमेरिकन हौशी मंडळी ज्या वाहनाची वाट पाहत होती, त्याच्या बऱ्याचशा खुणा त्यात होत्या. मात्र वेग बेताचा, आणि पंधरा पोत्यांच्या जागी पंचवीस घालण्याची आपली सवय तिच्या पाट्यांना व ब्रेकना सोसणारी नव्हती.

नवी मोटार पाहावयास जाताना शेतकऱ्याने सोबत मोजपट्टी न्यावी. हौद्याच्या तळाची जमिनीपासूनची उंची, चाकांच्या उंचवट्यांमधील रुंदी व फाळका लावल्यावरची आतील लांबी स्वतः मोजावी, आणि आपले क्रेट किंवा दुधाचे कॅन त्यात किती बसतात ते तेथेच ताडून पाहावे. तालुक्याच्या गावी सुटे भाग व जाणता मेकॅनिक आहे काय, याची चौकशी विक्रेत्याकडे न करता आधीपासून तीच मोटार वापरणाऱ्याकडे करावी. जुनी घ्यावयाची झाल्यास रंगापेक्षा खालची बाजू पाहावी. हौद्याखालील आडवे पट्टे, पाट्यांची बैठक व चौकटीचे सांधे येथे गंज प्रथम धरतो, विशेषतः जी मोटार मासळी, मीठ किंवा रासायनिक खत वाहत होती तिच्यात. नवा रंग फक्त खालच्या अंगास दिलेला आढळल्यास टोच्याने टोचून पाहण्यास संकोच करू नये. शेवटी योग्यता प्रमाणपत्राची मुदत, विम्याची तारीख, आणि नोंदणी पुस्तकातून बँकेचा बोजा उतरला आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे.